मूळ लिपी आधी, रोमन जोडीला : पारनेर तालुक्यातील ग्रंथपालांचे मागणीपत्र

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक, महाराष्ट्र राज्य
मार्फत : जिल्हा ग्रंथालय अधिकारी, अहिल्यानगर
प्रत माहितीसाठी : मराठी भाषा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांच्या संगणकीय तालिकेतील देवनागरी व रोमन नोंदींसाठी लेखी नियम, साधने आणि निधी मिळण्याबाबत.

महोदय,

पारनेर तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल, कर्मचारी आणि कार्यवाह यांच्या वतीने आम्ही हे मागणीपत्र सादर करत आहोत. पुस्तक दाखल करून घेणे, वर्गांक देणे, तालिका करणे आणि वाचकाच्या हाती पुस्तक ठेवणे हे आमचे रोजचे काम आहे. त्यात नेमके कोठे अडते, हे आम्हीच सांगायला हवे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली मान्यता, अ ते ड वर्ग, परिरक्षण अनुदान, तपासणी आणि वार्षिक अहवाल यांची घडी बसली. दाखल नोंदवही कशी ठेवावी हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु संगणकावरील नोंदीत मराठी पुस्तकाचे नाव कोणत्या लिपीत आणि कोणत्या पद्धतीने लिहावे, याचा एकही लेखी नियम आमच्या हाती नाही.

परिणामी एकाच तालुक्यात तीन तऱ्हा झाल्या आहेत. कोठे नोंदी देवनागरीत आहेत, कोठे मनाला येईल त्या रोमन स्पेलिंगमध्ये, तर कोठे जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडल्या आहेत. पुस्तक कपाटात असते, पण शोधपेटीत सापडत नाही. वाचकाला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि ते उत्तर खोटे असते.

वर्षानुवर्षे हे आम्ही स्मरणशक्तीवर निभावले. कोणते पुस्तक कोणत्या फळीवर आहे, हे ग्रंथपालाला पाठ असते. पण ग्रंथपाल निवृत्त होतो आणि तालिका मागे राहते. ती तालिका कोणाच्याही स्मरणशक्तीविना चालली पाहिजे. पुढील मागण्यांचा हेतू एवढाच आहे.

भूमिका

मूळ लिपीतील नोंद हीच नोंद, आणि रोमन ही तिची जोड. आमच्या सर्व मागण्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत.

हे तत्त्व आम्ही आमच्या सोयीसाठी काढलेले नाही. ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘इफ्ला’च्या, २००९ च्या तालिकीकरण तत्त्वांत मूळ भाषा आणि मूळ लिपीतून पुस्तकापर्यंत पोहोचता यावे असे म्हटले आहे, आणि लिप्यंतर करायचेच तर ते आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे करावे असेही म्हटले आहे. २०१० साली आलेल्या ‘आरडीए’ या तालिकीकरण संहितेचा सामान्य नियमही हाच आहे : शीर्षक ज्या भाषेत आणि लिपीत छापले असेल त्याच भाषेत आणि लिपीत उतरवावे.

मराठीकडे याची स्वतःची परंपराही आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली. ती १९४३ साली प्रसिद्ध झाली आणि ती देवनागरीत आहे. संगणकाचे नावही नसताना जे झाले, ते आज तांत्रिक अडचण सांगून टाळता येणार नाही.

रोमन नोंदींनाही इतिहास आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. कोलकात्याच्या केंद्रीय संदर्भ ग्रंथालयातून १९५८ पासून निघू लागलेल्या भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूचीत सर्व भाषांची पुस्तके एका क्रमात लावायची होती. म्हणून तिथे खुणांसह रोमन लिपी वापरली गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून मराठी पुस्तके मिळवून तिकडच्या विद्यापीठांना पाठवत आले. त्यांच्या नोंदी कित्येक दशके केवळ रोमनमध्येच राहिल्या, कारण ‘मार्क’ या नोंदपद्धतीच्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी नव्हतीच. युनिकोड आल्यानंतर ते कारण उरलेले नाही.

रोमनची गरज आजही आहे. मोबाइलवर रोमन अक्षरे दाबून मराठी शोधणारा वाचक आहे, परराज्यातील अभ्यासक आहे, परदेशात वाढलेली आणि देवनागरी अडखळत वाचणारी मराठी मुले आहेत. त्या सर्वांना वाट हवी. पण ती वाट देवनागरी नोंद पुसून काढता येणार नाही.

मागण्या

१. नोंदीची मूळ लिपी

साध्या रोमनमध्ये ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड, ऱ्हस्व आणि दीर्घ हे सगळे भेद मिटतात. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी डी, एच, ए, जी अशी नोंदवली, तर ती ‘ढग’ म्हणूनही वाचता येते. देवनागरीतून रोमन यंत्राने काढता येते. साध्या रोमनमधून देवनागरी परत मिळत नाही.

तरीही तसा प्रयत्न होतो आणि त्यातून नवी चूक जन्माला येते. रोमन यादी यंत्राने देवनागरीत फिरवली की संत निळोबांचे ‘निलोबा’ होतात आणि भाळवणी गावाचे ‘भालवनी’. ही चूक देवनागरीत असल्यामुळे ती खरी नोंद समजली जाते आणि पुढच्या यादीत उतरते.

मागणी : शीर्षक, उपशीर्षक, ग्रंथकार, प्रकाशक आणि मालिका हे पाच घटक पुस्तकावर छापलेल्या लिपीतच नोंदवावेत, असा लेखी आदेश निघावा. ‘मार्क २१’ मध्ये मुख्य क्षेत्रात देवनागरी आणि त्याला जोडलेल्या ८८० क्षेत्रात रोमन, अशी मांडणी ठरवून द्यावी. ८८० हे क्षेत्र दुसऱ्या लिपीतील रूपासाठीच आहे, त्यामुळे यासाठी नवी प्रणाली लागणार नाही. रोमन यादीवरून यंत्राने तयार केलेली देवनागरी नोंद पुस्तक हातात घेऊन तपासल्याखेरीज स्वीकारू नये.

२. रोमनचे एकच मानक

‘ज्ञानेश्वरी’चे रोमन रूप कोणी जे, एन ने सुरू करतो, कोणी डी, एन, वाय ने, तर कोणी जी, वाय ने. तिन्ही नोंदी एकाच ग्रंथाच्या, पण यादीत तीन ठिकाणी विखुरलेल्या. माडगूळकर, कऱ्हाडे, चव्हाण अशा आडनावांचेही तेच होते.

मागणी : जोडनोंदीतील रोमन रूप आयएसओ १५९१९ या २००१ च्या मानकाप्रमाणे असावे. या मानकात प्रत्येक देवनागरी अक्षराला ठरलेली खूण आहे. ळ साठी खाली टिंब असलेला एल, ण साठी खाली टिंब असलेला एन. म्हणून ते यंत्राने तयार करता येते आणि त्यातून देवनागरी परतही मिळते. ग्रंथपालाला ते हाताने टंकायला लावू नये. लायब्ररी ऑफ काँग्रेसची मराठीसाठीची पद्धत बरीच जवळची आहे. अनुस्वारासारख्या काही जागी दोन्हींत तफावत पडते, तिचा एक पानी तक्ता द्यावा.

मागणी : वाचक खुणांसह टंकत नाही, आणि मानकातल्याप्रमाणे शब्दाच्या शेवटी ‘ए’ सुद्धा लिहीत नाही. म्हणून रोजच्या वापरातील रोमन स्पेलिंग केवळ शोधासाठी, वेगळ्या क्षेत्रात साठवावीत. ती पडद्यावर शीर्षक म्हणून दाखवू नयेत.

३. ग्रंथकारांच्या नावांची प्रमाण यादी

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० साली पारनेरला झाला. लोक त्यांना सेनापती बापट म्हणून ओळखतात. पुस्तकांवर दोन्ही नावे येतात आणि रोमनमध्ये त्यांना आणखी फाटे फुटतात. त्यांच्याच गावच्या वाचकाला त्यांच्याविषयीचे सर्व साहित्य एका शोधात मिळू नये, हे आम्हाला मान्य नाही.

आद्याक्षरांचा घोळ वेगळाच आहे. आपण ‘पु. ल.’ लिहितो, म्हणजे पूर्ण अक्षर घेतो. इंग्रजी पद्धतीत त्याचे ‘पी. एल.’ होते. ‘ग. दि.’ चे ‘जी. डी.’ होते. मग एकाच ग्रंथकाराची दोन माणसे बनतात आणि त्यांची पुस्तके वेगळी पडतात.

मागणी : मराठी ग्रंथकारांच्या नावांची एक राज्यस्तरीय प्रमाण यादी करावी. प्रत्येक नावाला कायम क्रमांक असावा. त्याखाली देवनागरी प्रमाण रूप, टोपणनाव, आद्याक्षरांची रूपे, मानक रोमन आणि प्रचलित रोमन रूपे जोडलेली असावीत. आधुनिक ग्रंथकार आडनावाने, संत स्वतःच्या नावाने, आणि टोपणनाव रूढ असल्यास त्या नावाने, असा क्रम लेखी ठरवावा. कुसुमाग्रज शोधले तरी वि. वा. शिरवाडकर मिळावेत आणि उलटही मिळावे.

मागणी : पहिल्या टप्प्यात ५,००० नावे घ्यावीत. प्रत्येक तालुक्याने आपल्या भागातील संत, शाहीर, लेखक आणि कार्यकर्ते यांची नावे सुचवावीत. पारनेरची यादी आम्ही ६० दिवसांत देऊ.

४. गावांची नावे

निळोबारायांचे पिंपळनेर आमच्या तालुक्यात आहे. दुसरे पिंपळनेर धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात आहे. भाळवणी आमच्याकडे आहे आणि पंढरपूर तालुक्यातही आहे. नुसत्या गावाच्या नावावर केलेली नोंद, विशेषतः रोमनमधली, स्थानिक इतिहासाच्या वाचकाला चुकीच्या जिल्ह्यात नेऊन सोडते.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. आता प्रकाशनस्थळाचे काय करायचे, हे प्रत्येक वाचनालय आपापल्या समजुतीने ठरवत आहे. जुनी नोंद खोडून नवे नाव घातले, तर पुस्तकावर छापलेली माहितीच बदलते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झाले. त्याच्या नोंदीत छापील नाव तसेच राहिले पाहिजे.

मागणी : प्रकाशनस्थळ पुस्तकावर असेल तसेच उतरवावे. शोधासाठी अहमदनगर, अहिल्यानगर आणि ‘नगर’ ही तिन्ही रूपे, त्यांच्या रोमन रूपांसह, एका प्रमाण नोंदीला जोडावीत. गावाच्या नावापुढे तालुका आणि जिल्हा बंधनकारक करावा. जुन्या नोंदींतील छापील नाव बदलण्यास स्पष्ट मनाई असावी.

५. दिसायला एक, यंत्राला दोन

‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून स्वतंत्र आहे. त्याआधीपासून अनेकजण ‘अ’ ला चंद्र जोडून तेच लिहीत आले. तसेच ‘वाऱ्यावरची वरात’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ हे वेगळे अक्षर घेऊन, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात आणि एक शोधला की दुसरा सापडत नाही. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. त्यासाठी मराठीपुरता वेगळा नियम लिहावा लागतो.

शुद्धलेखनाचाही प्रश्न आहे. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या पुस्तकांवर ‘नांव’, ‘कांहीं’ अशी सानुस्वार रूपे आहेत. ‘ग्रंथ’ आणि ‘ग्रन्थ’, ‘पंडित’ आणि ‘पण्डित’ अशा जोड्या आहेतच. वर्ष कोठे देवनागरी अंकांत, कोठे इंग्रजी अंकांत, तर कोठे शकात असते.

मागणी : नोंदीत छापील रूप जसेच्या तसे राहावे. शोधाच्या अनुक्रमणिकेत मात्र वरील सर्व जोड्या एकच मानाव्यात. या जोड्यांचा तक्ता शासनाच्या वर्णमाला व देवनागरी लिपीविषयक निर्णयाशी सुसंगत करून, यंत्राला वाचता येईल अशा फाइलच्या रूपात खुला करावा.

मागणी : प्रकाशनवर्ष छापील रूपात आणि इसवी सनाच्या रूपात, अशा दोन्ही प्रकारे नोंदवावे. शके १८७७ छापलेले पुस्तक १९५५ च्या शोधातही दिसले पाहिजे. शकवर्ष दोन इसवी सनांत विभागले जात असल्याने नोंदीत ‘१९५५-५६’ लिहिण्याची मुभा असावी.

६. अकारविल्हे क्रम

मराठी वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात. युनिकोडच्या संकेतक्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जातो. प्रणालीत मराठीचा क्रम बसवलेला नसेल, तर छापून काढलेली यादी आणि कपाटातील मांडणी जुळत नाही.

मागणी : ग्रंथालयीन यादीसाठी मराठीचा एकच अकारविल्हे क्रम राजपत्रित किंवा परिपत्रकी स्वरूपात जाहीर करावा. ळ, क्ष, ज्ञ यांचे स्थान, अनुस्वार आणि विसर्ग यांचे स्थान आणि अंकांनी सुरू होणाऱ्या शीर्षकांचे स्थान त्यात स्पष्ट असावे. अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रणालीत तो क्रम बसवलेला असणे ही अट असावी.

७. जुन्या फॉन्टमधील नोंदी

संगणक आले तेव्हा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव आणि ‘डीव्हीबी’ मालिकेतील फॉन्ट वापरून हजारो नोंदी टंकल्या गेल्या. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी म्हणून उघडतात. त्या ना देवनागरी आहेत ना लिप्यंतर. ज्यांनी त्या केल्या त्यांनी त्या काळच्या साधनांनी प्रामाणिक काम केले. ते काम वाया जाता कामा नये.

मागणी : प्रमुख फॉन्टसाठी युनिकोड रूपांतरणाची तपासलेली साधने ग्रंथालयांना विनामूल्य द्यावीत. राज्य मराठी विकास संस्थेचे तांत्रिक साहाय्य घ्यावे. मूळ फाइल किमान १० वर्षे जपून ठेवावी. रूपांतरित नोंदींपैकी ५ टक्के नमुना पुस्तकांशी ताडून पाहावा. १०० नोंदींमागे एकापेक्षा अधिक चूक आढळली, तर ती संपूर्ण खेप परत तपासावी.

८. देवनागरीबाहेरची मराठी

मूळ लिपी म्हणजे दर वेळी देवनागरी असे नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, आणि ते मराठीच आहे. आपल्या जिल्ह्यात घराघरांतून आलेल्या मोडी पोथ्या आणि कागद आहेत. मोडीला २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, परंतु आमच्या संगणकांवर ती उमटवण्याची सोय नाही.

मागणी : प्रत्येक नोंदीत भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून नोंदवाव्यात. ‘मार्क २१’ च्या ५४६ क्षेत्रात त्याची सोय आहे. मोडी साहित्याचे शीर्षक सध्या देवनागरी लिप्यंतरात घ्यावे, ‘मूळ लिपी मोडी’ ही टीप बंधनकारक करावी, आणि पहिल्या पानाचे छायाचित्र नोंदीला जोडावे. मोडी वाचकाचे मानधन जिल्हा पातळीवरून मिळावे.

९. एकदा नोंद, सर्वांना प्रत

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत. एकच नवी कादंबरी त्यांपैकी असंख्य ठिकाणी येते आणि प्रत्येक ठिकाणी तिची नोंद नव्याने टंकली जाते. तेवढ्या वेळा श्रम होतात आणि तेवढ्या तऱ्हांच्या चुकाही होतात.

मागणी : मराठी पुस्तकांच्या प्रमाण नोंदींचा राज्यस्तरीय साठा उभारावा आणि तो सर्व ग्रंथालयांना विनाशुल्क उतरवून घेता यावा. सुरुवात शासकीय योजनांतून खरेदी होणाऱ्या आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या साहाय्याने येणाऱ्या पुस्तकांपासून करावी. पुस्तकासोबत देवनागरी नोंद आलीच पाहिजे. ती नसल्यास पुरवठादाराचे १० टक्के देयक रोखावे.

मागणी : चूक दुरुस्त करण्याचा मार्ग खुला असावा. कोणत्याही मान्यताप्राप्त ग्रंथालयाने सुचवलेल्या दुरुस्तीवर ३० दिवसांत निर्णय व्हावा. नोंद कोणी केली, कोणी सुधारली हे साठ्यात दिसावे.

१०. संगणक प्रणाली आणि करार

तालुक्यातील काही वाचनालये खासगी पुरवठादारांच्या प्रणालीवर आहेत. करार संपला की नोंदी मिळत नाहीत, किंवा छापील यादी हातात पडते. वाचनालयाच्या कर्मचाऱ्याने टंकलेली नोंद वाचनालयाचीच आहे, हे लेखी झाले पाहिजे.

मागणी : अनुदानातून घेतली जाणारी प्रणाली, मग ती ‘ई-ग्रंथालय’ असो, ‘कोहा’ असो की अन्य, पुढील चार अटी पूर्ण करणारी असावी. एक, साठवण युनिकोडमध्ये. दोन, नोंदी ‘मार्क २१’ मध्ये केव्हाही आणि विनाशुल्क बाहेर काढता येणे. तीन, देवनागरी आणि रोमन या दोन्हींतून एकच नोंद सापडणे. चार, पडदा आणि सूचना मराठीत असणे.

‘कोहा’ ही खुली प्रणाली आहे. तिच्यात देवनागरी शोध नीट चालण्यासाठी अनुक्रमणिकेची मांडणी बदलावी लागते. हे काम एकदाच, राज्य पातळीवर करून द्यावे. गावातल्या ग्रंथपालाकडून तांत्रिक मांडणीची अपेक्षा धरू नये.

११. प्रशिक्षण, मानधन आणि तपासणी

क आणि ड वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस देवघेव पाहतो, वर्तमानपत्रे लावतो, हिशेब ठेवतो आणि कुलूपही घालतो. जुन्या नोंदींची दुरुस्ती हे जादा काम आहे. ते नेहमीच्या पगारात धरणे न्याय्य नाही.

मागणी : तालुक्याच्या ठिकाणी, मराठीतून, दोन दिवसांचे म्हणजे १२ तासांचे प्रशिक्षण द्यावे. इनस्क्रिप्ट कळफलक, नोंदीचा नमुना आणि प्रमाण यादीचा वापर हे तीन विषय पुरेत. प्रवासभत्ता आणि बदली मदतनिसाचा रोज मिळावा, म्हणजे त्या दिवशी वाचनालय बंद ठेवावे लागणार नाही.

मागणी : पूर्ण नव्याने केलेल्या देवनागरी नोंदीस ६ रुपये आणि राज्य साठ्याशी जुळवून घेतलेल्या नोंदीस २ रुपये मानधन, परिरक्षण अनुदानाव्यतिरिक्त, द्यावे.

मागणी : काम सुरू असताना रोमन किंवा जुन्या फॉन्टमधील नोंदींवरून वार्षिक तपासणीत प्रतिकूल शेरा देऊ नये, वर्ग कमी करू नये, अनुदान रोखू नये. हे संरक्षण आदेशाच्या तारखेपासून ३ वर्षे असावे.

खर्च आणि व्यवहार्यता

मागण्या परवडणाऱ्या आहेत की नाहीत, याचे साधे गणित आम्ही मांडतो. १०,००० ग्रंथांचे वाचनालय धरू. प्रत्येक नोंदीला ५ मिनिटे लागली, तर सुमारे ८३३ तास होतात. रोज ४ तास दिले तर २०८ दिवस.

राज्य साठा झाला आणि निम्म्या नोंदी तिथे जुळल्या, तर त्या ५,००० नोंदींना प्रत्येकी १ मिनिट आणि उरलेल्यांना ५ मिनिटे. एकूण ५०० तास, म्हणजे १२५ दिवस. मानधन ६० हजारांवरून ४० हजारांवर येते. नववी मागणी आधी पूर्ण केली तर अकराव्या मागणीचा खर्च एक तृतीयांशाने घटतो. म्हणून क्रम आम्ही सुचवतो तो ठेवावा.

पहिल्या ३ महिन्यांत लेखी नियम, रोमन मानक आणि अकारविल्हे क्रम. या तिन्हींना निधी लागत नाही, निर्णय लागतो. पुढच्या ६ महिन्यांत जोड्यांचा तक्ता, फॉन्ट रूपांतरण आणि प्रशिक्षण. १२ महिन्यांच्या आत प्रमाण नावांचा पहिला टप्पा आणि राज्य साठ्याचा आरंभ. जुन्या नोंदींची दुरुस्ती एकूण ३ वर्षांत.

सर्व राज्यात एकदम सुरुवात अवघड वाटत असेल, तर पारनेर तालुका प्रायोगिक म्हणून घ्यावा. येथे तालुक्याचे गाव आहे, सुपे औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतीय वाचक आहे, आणि पठारावरची छोटी वाचनालयेही आहेत. सर्व तऱ्हेच्या अडचणी एका तालुक्यात तपासता येतील.

निर्णयप्रक्रियेतील आमचे स्थान

नियम ठरवणाऱ्या समितीत सात सदस्य असावेत. त्यांपैकी किमान दोन क किंवा ड वर्गाच्या ग्रामीण वाचनालयांत प्रत्यक्ष काम करणारे ग्रंथपाल असावेत. उरलेल्यांत तालिकीकरणाचे अभ्यासक, मराठी भाषेचे जाणकार आणि संगणक तज्ज्ञ असावेत. मसुदा अंतिम होण्यापूर्वी ३० दिवस हरकतींसाठी सर्व ग्रंथालयांना मिळावा.

आमच्याकडून आम्ही तीन गोष्टी स्वीकारतो. आदेश निघाल्याच्या तारखेपासून येणाऱ्या प्रत्येक नव्या मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीत होईल. आमचे प्रत्येक वाचनालय दर तिमाहीला पूर्ण झालेल्या नोंदींचा आकडा कळवेल. आणि आमच्या नोंदी राज्य साठ्याला विनामोबदला खुल्या राहतील.

मुदत

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पोच आणि ३० दिवसांत मागणीवार लेखी उत्तर मिळावे. जी मागणी मान्य नाही, तिच्यापुढे कारण लिहावे. ४५ दिवसांच्या आत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत पारनेर येथे बैठक घ्यावी. तिचे इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सह्यांनी नोंदले जावे.

मुदतीत उत्तर न आल्यास हेच मागणीपत्र राज्य ग्रंथालय परिषदेपुढे आणि लोकप्रतिनिधींमार्फत विधिमंडळापुढे जाईल. देवघेव एक दिवसही बंद राहणार नाही, कारण आमचे भांडण वाचकाशी नाही. मात्र मानक ठरेपर्यंत कोणतीही नवी रोमन यादी आम्ही टंकून देणार नाही. तशी मागणी आल्यास देवनागरी नोंदीची प्रत दिली जाईल.

मराठी ही या राज्याची राजभाषा आहे, आणि २०२४ साली तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तालुक्याच्या वाचनालयात मराठी पुस्तक त्याच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लिपीत सापडले पाहिजे. पहिल्या तीन मागण्यांवरील आदेशाचा मसुदा बैठकीपूर्वी आमच्याकडे यावा. त्यावरील आमचे म्हणणे आम्ही सात दिवसांत लेखी देऊ.

आपले,
पारनेर तालुक्यातील सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल, कर्मचारी व कार्यवाह